पेटीतला खोकला

गेल्या जानेवारीत मी सात माणसांच्या खोलीत पाच जणांना आजारी पाडलं, आणि तेही खोली आधी स्वच्छ पुसून घेऊन.

हे मी अभिमानाने सांगत नाही. (थोडासा अभिमान आहे. ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या माझ्या ऑफिसात माझ्या टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलावर पोचायला तीन आठवडे लागतात. इथे पाच माणसं, दीड तासात, एकही सही न घेता!)

त्याचं असं झालं. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, माईआत्या, आमच्याकडेच राहते. वय शहात्तर. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गाणं शिकवलं. शहरातल्या निम्म्या बायकांना सा लावायला तिने शिकवलं असेल. पण तिचं स्वतःचं गाणं, कार्डावर तिचं नाव छापून, लोकांनी खुर्च्यांवर बसून ऐकलंय, असं एकदाही झालं नव्हतं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा आजोबा आजारी पडले. दुसऱ्यांदा शाळेत तपासणी निघाली. तिसऱ्यांदा तबलजी ऐन सकाळी झाशीला निघून गेला, तो अजून परत आलेला नाही. चौथ्यांदा करोना आला. त्यानंतर आत्याने तो विषयच काढणं सोडलं.

आणि मग आमच्या मराठी मंडळाने वसंत पंचमीला सकाळचा अख्खा एक तास तिला दिला! कार्ड छापून आलं. आत्याने ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि दिवसातून चार-चार वेळा वाचायला लागली, चष्मा न लावता. पाठच झालं होतं ते.

"विजू," ती मला म्हणाली, "या वेळी काही आडवं यायला नको रे."

"मी आहे ना, आत्या!" मी म्हणालो.

(हे वाक्य लक्षात ठेवा.)

माझी वर्णी लागली, कारण मंडळाचा पेटीवाला लेकीकडे बंगळुरूला गेला होता. मी पेटी वाजवतो. म्हणजे, वाजवतो असं मी म्हणतो. आत्या म्हणते, "पेटीत माझा गंधार बसतच नाही रे. त्यातून तू वाजवलीस की मुळीच बसत नाही." पण दुसरं कुणी मिळेना. मुलगा निखिल तबल्यावर, बायको सुषमा आणि सून शिवानी दोन तानपुऱ्यांवर, आणि मागे साथीला आत्याच्या दोन जुन्या शिष्या: समोरच्या घरातल्या आपटे भगिनी, कुसुमताई आणि कमलताई. दोघींची वयं मिळून एकशे एकोणतीस, आणि वाक्यही दोघी मिळूनच पुरं करतात.

शिवानी मुरारची, म्हणजे ग्वाल्हेरच्याच दुसऱ्या टोकाची. माहेर हिंदी बोलणारं, स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. लग्नानंतर तीन वर्षांत मराठी शिकली, पण तिचं वाक्य मराठीत चढतं आणि हिंदीत उतरतं. आमचा निखिल तर नया बाज़ारातल्या याच घरात जन्मला, तरी त्याचीही तीच गत. त्यामुळे तिला हसायला घरात कुणाला तोंड नाही.

आता जानेवारीतलं ग्वाल्हेर. कोहरा असा की गच्चीवरून किल्ला दिसत नाही. किल्ला सोडा, समोरच्या आपट्यांची गच्ची दिसत नाही. आत्याचं ठाम मत असं की गळ्याचा शत्रू एकच, गार हवा. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या रियाजाच्या खोलीचा बंदोबस्त मी जातीने केला. दोन्ही खिडक्या बंद, वर रजया टांगलेल्या, फटींमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या, दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून. मधोमध हीटर. मुंगीला आत यायचं असतं तर तिलाही दार वाजवावं लागलं असतं.

त्यात मी पडलो आरोग्यमंत्री! करोनाच्या काळात हे खातं मी स्वतःकडे घेतलं होतं. भेंड्या मी साबणाने धुतल्या आहेत. दुधाच्या पिशव्या उन्हात वाळत घातल्या आहेत. (दूध नासलं. पण निर्जंतुक होऊन नासलं.) त्या खात्याचा राजीनामा मी अजून दिलेला नाही. आत्याच्या शाळेतले उरलेले खडू घेऊन मी सतरंजीवर सात गोल काढले, टेप लावून, एकमेकांपासून बरोबर सहा-सहा फुटांवर. दारात मी स्वतः उभा, एका हातात सॅनिटायझरची बाटली, दुसऱ्या हातात कपाळावर रोखायचं ते तापाचं पिस्तूल.

"बाबा, हे तर एअरपोर्ट झालं यार," निखिल म्हणाला. "बोर्डिंग पास कुठे दाखवायचा?"

"हात पुढे कर."

पेटीच्या पट्ट्या पुसल्या. तानपुऱ्यांच्या खुंट्या पुसल्या. तबल्याकडे वळलो तर निखिल आडवा आला. "शाई निघून जाईल, बाबा! रहम करा!"

सगळे आपापल्या गोलांत बसल्यावर आत्याने नियम सांगितला. "पंचमीला चौदा दिवस आहेत. ज्याला जरासुद्धा जुकाम असेल, त्याने तोवर हा जिना चढायचा नाही. कोणीही असो."

"कोणीही असो!" मी जोरात री ओढली, आणि माझ्या घशात खवखवलं.

खरं सांगायचं तर सकाळपासूनच खवखवत होतं. नाकही वाहत होतं. पण मनातल्या मनात मी त्याचं नाव धूळ असं ठेवून टाकलं होतं. कारण मी रियाजाला गेलो नसतो, तर पेटीवाचून काही अडत नाही हे सगळ्यांना कळलं असतं, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

"शिंकलात तुम्ही?" सुषमा म्हणाली.

"धूळ."

"आत्ताच तर खोली पुसलीत!"

"म्हणूनच उडाली."

मी पिस्तूल स्वतःच्या कपाळावर रोखलं. ताप नव्हता. (नाक कपाळाच्या खाली असतं आणि ते पिस्तूल तिथवर बघत नाही, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.) पेटीच्या लाकडी खोक्यात मी अडुळशाची बाटली लपवली होती. गाणं जरा थांबलं की मी भात्याआड वाकायचो, जणू काही बिघडलंय असं दाखवत एक घोट घ्यायचो आणि वर यायचो. तोंडावर मास्क होता, पण आत्या म्हणाली, "ध्रुवपद तूही म्हण रे, आवाज भरून येईल," तसा मी तो हनुवटीवर आणला. मास्कमधून माझा सा मलाच ऐकू येईना.

आणि काय सांगू, त्या दिवशी आत्याचा अल्हैया बिलावल असा लागला! शहात्तर वर्षांचा गळा, पण एकेक सूर जागच्या जागी. आम्ही सगळे पोटापासून श्वास घेत होतो, पोटापासून सोडत होतो. सात माणसं, दीड तास, तीच ती हवा. त्यात मी सगळ्यांत मोठ्याने गात होतो.

एकदाच शिवानी म्हणाली, "आत्या, खिडकी थोडी खोलू का? हीटरने दम घुटतोय."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "हवा लागेल."

तीन दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी आपट्यांचा फोन आला.

"विजयराव, आमचा..." कुसुमताई.

"...घसा बसलाय," कमलताई.

बुधवारी सकाळी निखिल उठला तो कण्हतच. दुपारी सुषमाने अंथरूण धरलं. आणि चहाच्या वेळी आत्याने मला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. नुसता वारा. अंगाला हात लावला तर चटका बसला.

तोपर्यंत माझा स्वतःचा खोकला बराच कमी झाला होता, त्यामुळे तर फारच वाईट वाटलं. आत्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने शाळेतली जुनी पाटी मागवली. पहिलं वाक्य तिने लिहिलं: "खिडकी कुणी उघडली?"

शिवानी हळूच म्हणाली, "मी. थोडीशीच. दोन बोटं. माझ्या मागची होती ना, रजईच्या मागून हात घालून सरकवली. मला खरंच घुटन होत होती."

आत्याने पाटी पुसली नाही. नुसती शिवानीकडे बघत राहिली. सुषमा अंथरुणातून म्हणाली, "अगं, सांगितलं होतं ना तुला!" आणि निखिल शिंकत म्हणाला, "यार शिवानी..."

आणि मी? मला सगळं माहीत होतं. निदान शंका तरी होतीच. मी तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर त्या पोरीवरचा आळ तिथेच उतरला असता. मी म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं." किती मोठ्या मनाचा सासरा, असं ऐकणाऱ्याला वाटलं असेल. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

गुरुवारी सगळ्यांना पडाव चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं. दोन ई-रिक्षा केल्या, आणि गार हवा लागू नये म्हणून आरोग्यमंत्र्यांनी त्यांचे प्लास्टिकचे पडदे खालपर्यंत सोडून घट्ट बांधले. (चार दिवसांनी त्यांतला एक रिक्षावाला मला भेटला. मफलर गुंडाळून खोकत होता. त्याला मी सुरुवातीच्या पाचांत धरलेलं नाही.)

डॉक्टरांनी आत्याची छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं. मी श्वास रोखून उभा होतो. (घरात पाच दिवस आधी रोखला असता तर!) "फेफड़े साफ़ हैं," ते म्हणाले. "वायरल है. आराम, पानी, बुखार की गोली. साँस फूले तो तुरंत लाइए, इनकी उमर देखते हुए. और गाना बिलकुल बंद."

आत्याने पाटीवर लिहिलं: "खिडकीतून हवा लागली."

"खिड़की से वायरल नहीं आता, माताजी. आदमी से आता है. घर में पहले किसको हुआ?"

आत्याने लिहिलं: "कोण आदमी?" आणि पाटी सगळ्यांकडे फिरवली.

मी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला लागलो. सगळ्यांत खालची ओळसुद्धा मला स्पष्ट दिसली.

घरी आलो तर मंडळाचे सेक्रेटरी धारप यांचा फोन. "विजयराव, माईंची तब्येत कळली. काळजी घ्या. पण पंचमीचं काय करायचं? मुलांचं समूहगान तयार आहे. तो तास त्यांना देऊन देऊ का?"

मी आत्याकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. ती टेबलाजवळ गेली, काचेखालचं कार्ड काढायला लागली, पण काच जड, तिच्याने उचलेना. ती तशीच खुर्चीवर बसली. माझ्या उभ्या आयुष्यात मी आत्याला रडताना दोनदाच बघितलंय, आणि त्यातली एक वेळ ही.

"धारपसाहेब," मी म्हणालो, "रविवारपर्यंत थांबा. हात जोडतो."

रविवारपर्यंत सगळ्यांचे ताप उतरले, आत्याचाही. आवाज मात्र घोगरा, नाकं बंद. तेव्हा शिवानीने रियाजाच्या खोलीत दरबार भरवला. आपटे भगिनींनाही मास्क लावून बोलावलं. तिने एक कागद पुढे ठेवला. त्यावर माझेच सात गोल काढलेले, प्रत्येकात नाव आणि कोण कधी आजारी पडलं ते.

"बघा," ती म्हणाली. "गार हवेने जुकाम होतो, तर सगळ्यांत आधी मला व्हायला पाहिजे ना? खिडकी माझ्या पाठीशी होती. पण मी एकटीच ठीक आहे. मग प्रॉब्लेम बाहेरच्या हवेत नाही, आतल्या हवेत होता. आता मला एक प्रयोग करून दाखवू द्या. निखिल, पेटी जरा सरकव, मला तिथे जागा पाहिजे."

निखिलने खोक्यासकट पेटी उचलली.

डुबुक.

सगळे थांबले. निखिलने पेटी जरा हलवली. डुबुक, डुबुक.

"बाबा, पेटीत पाणी भरलंय?"

खोक्याचं झाकण उघडलं. आत अडुळशाची बाटली, पाऊण रिकामी. तिच्याबरोबर माझे तीन रुमाल, आणि ते कुठल्या अवस्थेत होते हे मी इथे लिहीत नाही.

"धूळ," सुषमा म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. सकाळची खवखव, शिंका, हनुवटीवरचा मास्क, बुधवारचं माझं मौन. शिवानीकडे बघून म्हणालो, "तुझ्यावर आळ येऊ दिला. चूक झाली माझी. मोठी चूक." तिचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. आपटे भगिनी मास्कमधून म्हणाल्या, "विजयराव, तुम्ही..." "...सुद्धा?"

आत्याने पाटीवर काहीतरी लांबलचक लिहिलं. वाचलं. पुसलं. आणि मग एकच शब्द लिहिला: "गाढव."

"पण मी गोल काढले होते!" मी म्हणालो. "सहा फूट! टेप लावून! पट्ट्या पुसल्या होत्या!"

"तोच तर प्रयोग आहे, बाबा," शिवानी म्हणाली. खोली पहिल्यासारखी बंद केली होती. सगळ्यांना तिने आपापल्या गोलांत बसवलं आणि माझ्या गोलात, माझ्या जागी, एक उदबत्ती लावली. "आता वास आला की हात वर करायचा."

दोन मिनिटं गेली. एकही हात वर नाही.

"बघा! सहा फूट!" मी ओरडलो.

"अहो, नाकं बंद आहेत सगळ्यांची," सुषमा म्हणाली. "तुमच्याच कृपेने!"

शिवानीने कपाळावर हात मारला. मग तिने गल्लीकडच्या खिडकीवरची रजई एका बाजूने जराशी उचलली. त्या दिवशी कोहरा फिटला होता. उन्हाची एक तिरीप खोलीभर आडवी पडली, आणि तिच्यात धूर दिसला. तो कमलताईंच्या गोलात होता. कुसुमताईंच्या गोलात होता. निखिलच्या तबल्यावरून निवांत चालला होता. आत्याच्या नाकासमोर तर त्याने बैठकच मांडली होती.

"धुराला तुमचा खडू दिसत नाही ना, बाबा," शिवानी म्हणाली. "बोललं, खोकलं, गायलं की तोंडातून बारीक-बारीक कण निघतात. मोठे थेंब लगेच खाली पडून जातात, त्यांच्यासाठी तुमचे सहा फूट ठीक आहेत. पण बारीक कण पडतच नाहीत, ते असे तैरत राहतात. खोली बंद असेल तर जमा होत जातात. आणि गाण्यात तर आपण किती खोल साँस घेतो."

आत्या धुराकडे एकटक बघत होती. मग तिने बोट माझ्याकडे केलं, मग उदबत्तीकडे, आणि भुवया उंचावल्या.

"हो आत्या," निखिल म्हणाला. "बाबा म्हणजे अगरबत्ती. मोठ्यावाली."

मग शिवानीने रजया काढल्या, दोन्ही खिडक्या उघडल्या, दाराखालचा टॉवेल लाथेने उडवला आणि दार सताड उघडलं. गार झुळूक आली. धूर एकदा गोंधळल्यासारखा फिरला आणि सरळ जिन्यावाटे निघून गेला. बघता बघता तिरीप स्वच्छ झाली.

"माझी खिडकी दोन बोटं उघडी होती," शिवानी म्हणाली. "आता एका माणसाने काही सिद्ध नाही होत. नशीब पण असेल माझं. पण..."

आत्याने पाटीवर लिहिलं: "उघडीच ठेव." मग खाली, बारीक अक्षरात: "आजचा चहा मी करते, तुझ्यासाठी." आणि ती खरोखरच उठून स्वयंपाकघरात गेली. आत्याचं निदान तसं अर्धं बरोबरच होतं म्हणा. तिला हवाच लागली होती. फक्त ती खिडकीतून आलेली नव्हती, माझ्यातून आलेली होती.

त्या दिवसापासून रियाज गच्चीवर, दुपारच्या उन्हात. कानटोपी, मफलर, शाल, सगळं अंगावर, हवा मोकळी. आधी दोन दिवस नुसता खर्ज. मग हळूहळू मध्य सप्तक. पण मंडळाच्या हॉलचं काय? तिथे पंचमीला शंभर माणसं, आणि थंडी म्हणून सगळं बंद. मी धारपांकडे गेलो. ते मोठ्या उत्साहाने म्हणाले, "विजयराव, काळजीच नको! सहा हीटर सांगितलेत, आणि खिडक्या तर आम्ही टेप लावून सीलबंद करतोय!"

मी खिशातून उदबत्ती काढली आणि हॉलच्या कोपऱ्यात लावली. धारपांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"कुठल्या देवाची?" त्यांनी हळूच विचारलं.

"हवेची," मी म्हणालो, आणि शिवानीचं सगळं व्याख्यान त्यांना ऐकवलं. (अर्धं चुकलं असेल. पण मी मास्क लावून ऐकवलं.)

धारप धुराकडे बघत म्हणाले, "पटतंय हो. बाहेर अंगणात घेऊ शकतो, अकरा वाजता, ऊन आल्यावर. पण शंभर खुर्च्या बाहेर काढणार कोण?"

"मी आहे ना!" मी म्हणालो.

या वेळी मात्र ते वाक्य मी खरं करून दाखवलं. पाठ अजून दुखते.

पंचमीला नशिबाने लख्ख ऊन पडलं. अंगणात पिवळ्या साड्या, पिवळी उपरणी, आणि मधे आत्या, तिच्या आईच्या जुन्या पिवळ्या शालूत. डॉक्टरांनी मला केव्हाच मोकळं केलं होतं. आत्याने केलं नव्हतं. माझी जागा फाटकाजवळ, शेवटच्या खुर्चीच्याही मागे, मास्क लावून. पेटी वाजवायला माणूस नव्हता, त्यामुळे पेटीच नव्हती. दोन तानपुरे, तबला, आणि ती.

गळा पुरता बरा झालेला नव्हता. पहिली दहा मिनिटं सूर खरखरत होता. मग तो उन्हात बसल्यासारखा सैलावला. तार षड्जाला गेली आणि आवाज फाटला. मला वाटलं, पाचव्यांदा. पाचव्यांदा आडवं आलं, आणि या वेळी मी आलो. आत्या मात्र हसली. चक्क हसली! शिवानीकडे वळून म्हणाली, "पाणी दे ग," दोन घोट घेतले, पुन्हा खालून निघाली, सावकाश, एकेक पायरी चढत, आणि त्या षड्जावर जाऊन उभी राहिली. तो सूर अंगणातून, भिंतीवरून, गल्लीत गेला असेल. आपटे भगिनी साथ करायचं विसरून रडत होत्या, एक रडणं दोघींत वाटून. मी तर मास्क भिजवून टाकला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

टाळ्या संपल्यावर मी जवळ गेलो. म्हणजे, सहा फुटांपर्यंत गेलो.

"आत्या, माफ कर."

"अरे, काय माफ!" ती अजून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बरंच झालं तू खोकलास ते. पेटी नव्हती ना, त्यामुळे इतक्या वर्षांनी माझा गंधार मला ऐकू आला."

मंडळाने तिला पुढच्या वर्षीचाही तास देऊन टाकला आहे. नवं कार्ड छापून यायचंय, पण काचेखाली जागा करून ठेवलेली आहे. रोजचा रियाज आता पहिल्या मजल्यावर पुन्हा सुरू झाला आहे, दोन्ही खिडक्या आणि दार उघडं ठेवून. एकच अडचण होती: झुळूक आली की दार धाडकन आपटून बंद व्हायचं. वीट लावून पाहिली, पाटा लावून पाहिला, काही टिकेना. शेवटी शिवानीने एक वजनदार वस्तू शोधून काढली आणि दाराला टेकवली. तेव्हापासून दार तसूभर हललेलं नाही.

आणि येईल त्याला आत्या कौतुकाने दाखवते, "विजूची पेटी माझ्या गाण्याला इतकी उपयोगी पडेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं हो!"